दोनशे पावलांवरचा चेहरा

उखर्डूच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली ती पौषातल्या एका सकाळी, सूर्य उगवायच्या जरा आधी. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला तो मळ्यात गेला होता. मुक्ताईनगरच्या अलीकडं, पूर्णेच्या अंगाला त्याची चार एकर केळी. बांधावर पाय टाकला तोच आतून आवाज आला. खच्च. खच्च. केळीच्या खोडात कोयता बसला की असा ओला आवाज होतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. बाग निसवलेली होती, घड भरत आले होते. तो ओरडत आत धावला. तोंडाला गमछे बांधलेले चार-पाच जण रांगेनं खोडं पाडत चालले होते. त्यातला एक वळला. उखर्डूनं तोंडापुढं हात धरला, आणि कोयता त्या हातावर उतरला.

घरापर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत आला. सुनंदाबाई अंगणात सडा टाकत होती. नवऱ्याच्या सदऱ्याची बाही तिला आधी चिखलानं माखलेली वाटली. मग तो चिखल ओट्यावर थेंब थेंब पडू लागला तेव्हा ती बादली टाकून धावली. पदर फाडून तिनं मनगट आवळलं, शेजारच्याची रिक्षा काढायला लावली. रिक्षात उखर्डू एकच शब्द बोलला.

"समाधान."

"तोंड पाह्यलं तुमी?"

"तोंड बांधेल होतं. पण डावा खांदा पाडून चाले."

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं कुठं आहेत म्हणून विचारलं. मळ्यात राबणाऱ्या वना गड्यानं दिवसभर वाफे धुंडाळले. संध्याकाळी एक बोट ठिबकच्या नळीपाशी सापडलं, मुंग्यांनी भरलेलं. दुसरं सापडलंच नाही.

हे वैर दोन वर्षांचं होतं, आणि त्याचं मूळ हाच वना. समाधान उखर्डूच्या भाऊबंदांतला. रेतीचे डंपर, दोन ट्रॅक्टर, मागं फिरणारी चार माणसं असा त्याचा पसारा. बाजाराच्या दिवशी डंपरपुढून बैलगाडी लवकर काढली नाही म्हणून त्यानं वनाला खाली ओढलं आणि लोखंडी पहारीनं त्याचा गुडघा फोडला. भर बाजार पाहत होता. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्या बाजाराला त्या दिवशी काही ना काही काम निघालेलं होतं. एकटा उखर्डू कोर्टात उभा राहिला आणि पाहिलं ते बोलला. समाधान तीन महिने आत बसून वरच्या कोर्टातून जामिनावर सुटला. गावात शिरताना तो उखर्डूच्या दारापुढं मोटरसायकल थांबवून नुसता हसला होता.

फौजदार पंचनाम्याला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वही मिटली आणि सरळ सांगितलं, "बाई, चालीवरून माणूस ओळखला म्हणता, पण वकील हे एका मिनिटात उडवून लावील. चेहरा लागतो." गुन्हा अज्ञात इसमांवर दाखल झाला.

बावीस दिवसांनी पुन्हा बाग कापली. या वेळी सहाशे खोडं. उखर्डू हाताला फडकं बांधून घरात पडलेला. पाडलेल्या घडांतून पांढरा चीक गळत होता आणि वाफ्यातून चालताना सुनंदाबाईचे पाय त्यात चिकटत होते. मधल्या काळात तालुक्याहून माणूस आणून तिनं खांबावर सौरऊर्जेचा कॅमेरा लावून घेतला होता. तो खांबच मोडून पडला होता. मोडण्याआधीचं चित्र फौजदारांनी पाहिलं. पोत्यामागं उंदीर हलावेत तसं काहीतरी हललं होतं, एवढंच. तिनं स्वतः बांधावरून मोबाईलवर ओढून ओढून एक फोटो काढून पाहिला होता. लांबचा माणूस म्हणजे नुसता डाग.

त्याच दिवशी जळगावहून पेपरचा एक फोटोग्राफर आला. त्यानं पार पंपघरापाशी उभं राहून बागेतल्या पोलिसांचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पेपर आला, तेव्हा सुनंदाबाई तो फोटो डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिली. त्यात हवालदाराच्या खांद्यावरची उसवलेली शिवण दिसत होती. पंपघरापासून तिथवर दोनशे पावलं होती. तिनं ती चालून मोजली.

"मले तसा कॅमेरा पाह्यजे," ती घरी येऊन म्हणाली.

उखर्डू भिंतीकडं तोंड करून पडला होता. "तू फोटो काढशीन आन् ते तुले कापतीन."

"असेही कापूच राह्यले."

त्या पेपरवाल्यानंच पत्ता दिला होता, जळगावात पिंप्राळ्याला हितेंद्रचं दुकान. सोमवारी सकाळच्या एसटीनं ती निघाली.

दुकान चिंचोळं होतं. भिंतीवर लग्नांचे अल्बम, कोपऱ्यात पासपोर्ट फोटोचं स्टूल, काचेच्या कपाटात कॅमेरे मांडलेले. हितेंद्र तिशी-पस्तिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला.

"कोणासाठी, मावशी? मुलाला घ्यायचा?"

"मले घ्यायचा हाये."

त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. केळीच्या चिकानं काळे पडलेले, नखांत माती. पण धंद्याचा माणूस, हसला नाही. कपाटातून नवा कोरा, लहानसा कॅमेरा काढला. "नवीन शिकणाऱ्याला आम्ही हाच देतो. हलका आहे. चेहरा स्वतःच ओळखतो, तुम्ही फक्त बटण दाबायचं."

सुनंदाबाईनं तो घेतला. तिच्या पंजात तो साबणाच्या वडीसारखा हरवला. एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जात. दुकानाच्या दारात उभं राहून तिनं तो गल्लीच्या टोकाला रोखला. तिथं एक रिक्षावाला चहा पीत होता. पडद्यावर तो रिक्षावाला मुंगीएवढाच राहिला.

"हा मले नको."

"काढायचं काय आहे तुम्हाला?"

"पाखरं. बागेत येतात."

"लहान की मोठी?"

"मोठी. पाच-सहाच्या थव्यानं येतात. सूर्य उगवायच्या आधी."

हितेंद्रनं चष्मा डोळ्यांवर ओढला. पेपर त्यानंही वाचला होता. "मावशी, मुक्ताईनगरकडच्या का तुम्ही?"

उत्तराची वाट न बघता त्यानं नवा कॅमेरा कपाटात ठेवला, तिच्यासाठी स्टूल पुढं ओढलं, आणि मग जे सांगितलं ते शाळेत शिकवल्यासारखं नाही, घरच्या माणसाला सांगावं तसं.

"नीट ऐका. कॅमेरा म्हणजे नुसता डबा असतो. बघतो तो लेन्स, म्हणजे ही पुढची काच. म्हणून तर ती काढता-घालता येते. जवळच्याला वेगळी, लांबच्याला वेगळी. सगळे आधी डबा निवडतात आणि फसतात. आधी काच ठरवायची. तुम्हाला लांबचं पाहिजे, आणि अंधुक उजेडातलं पाहिजे. दोन्ही एकदम देणारी काच तोफेएवढी असते, ती ना तुम्हाला परवडणार ना उचलणार. एकीकडं थोडं सोडावं लागेल."

"उजेड थोडा सोडू. लांबचं सोडून चालनार नही."

"का?"

"जवळ गेली त मी जित्ती राहनार नही."

हितेंद्र थोडा वेळ काउंटरवरची काच पुसत राहिला. तशी लेन्स त्याच्याकडं नव्हती. पण धुळ्याला पंडित नाना म्हणून एक जुने फोटोग्राफर होते, आयुष्यभर पक्ष्यांमागं फिरलेले. आता त्यांचा हात थरथरायचा आणि ते सामान विकायच्या विचारात होते. "त्यांची लेन्स ज्या कंपनीची, त्याच कंपनीचा डबा घ्यावा लागतो, नाहीतर एकमेकांत बसत नाहीत. माझ्याकडं त्या कंपनीचे दोन जुने आहेत."

दोन्ही तिच्यापुढं ठेवले. एक दिसायला चकचकीत होता, दुसरा कडांचा रंग घासून उडालेला, जड. तिनं चकचकीत उचलला, ठेवला. दुसरा उचलला. त्याची मूठ भरीव होती, बटणं मोठी, बोटांना न बघता सापडणारी. डोळा लावला तर आत पडदा नव्हता, खरी गल्ली होती. तो तिनं डोळ्याला लावून धरला आणि मनात शंभर मोजले. हात हलला नाही.

"हा आवाज करतो, मावशी," हितेंद्र म्हणाला. "आत आरसा उडतो, खटकन वाजतं. नवीन असतात ते मुके असतात."

"दोनशे पावलांवर वाजनं ऐकू यीन?"

"नाही."

"मंग हाच."

धुळ्याला ती त्याच आठवड्यात गेली. पंडित नाना पासष्टीचे, धुळ्याकडची अहिराणी बोलणारे, उजवा हात सतत थरथरणारा. लेन्स त्यांनी जुन्या रजईत गुंडाळून ठेवली होती. हातभर लांब, पांढरट रंगाची, खाली धरायला कडं.

"काय काढनं शे तुमले, अक्का?"

हितेंद्रला सांगितलेलं पाखरांचं तिनं पुन्हा सांगितलं नाही. उखर्डूची बोटं सांगितली, वनाचा गुडघा सांगितला. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले. "चला सोनगीरले. आठे घरमा काय समजनार शे?"

नानांच्या पुतण्याच्या जीपमधून दोघं सोनगीरच्या किल्ल्याशी गेली. टेकडीवर चढताना नानांना दोनदा बसावं लागलं. वरून मुंबई-आग्रा महामार्ग खाली सुतासारखा दिसत होता. नानांनी लेन्स डब्यावर बसवून दाखवली, ठिपक्यावर ठिपका ठेवून फिरवायची, टक् झालं की बसली. तिच्याकडून ते वीस वेळा करून घेतलं. मग डोळा लावायला सांगितलं.

सुनंदाबाईनं डोळा लावला आणि दचकून मागं सरली. रस्त्यावरचा ट्रक अंगावर आला होता.

"भ्याल्या का? भ्याव नका. कोपर आंगले चिकाडी ठेवा. श्वास सोडा, मंग दाबा. सारा खेळ श्वासना शे." नानांनी तिला चाकं फिरवायला शिकवलं. माणूस पळत असला तर शटरचा वेग पाचशेच्या खाली आणायचा नाही. उजेड कमी पडला तर कॅमेऱ्याची उजेडाची भूक, म्हणजे आयएसओचा आकडा, वाढवायची. "फोटोमा दाणा पडू द्या, खरबडीत दिसू द्या. पन चेहरा हालाले नको. समजनं का, अक्का?"

दुपारपर्यंत तिनं तीनशे ट्रक टिपले. आधी नुसते रंगाचे पट्टे आले. मग आकार आले. शेवटी शेवटी एका ट्रकची नंबरपाटी आली, आणि पाटीच्या वर ड्रायव्हरची मिशी. नानांनी पडद्यावर ती मिशी पाहिली आणि लेन्सचं झाकण तिच्या हातात दिलं. विकायचा सौदा तिथंच झाला.

परत आल्यावर ती रोज पहाटे पंपघराच्या स्लॅबवर चढू लागली. कडेला शेवरीची दाट रांग होती, तिच्याआड गोणपाट अंथरून पालथी पडायची. वना बांधाच्या पलीकडं शेजारच्या मळ्यात थांबायचा. तिकडं रोज घड भरायला ट्रक आणि दहा-बारा मजूर असत. काही दिसलं तर तिनं मोबाईलवर वनाला नुसती रिंग द्यायची आणि त्यानं माणसं घेऊन यायचं, असं ठरलं होतं. उखर्डूनं घरात थांबायचं, हेही ठरलं होतं. हे ठरताना तो हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता.

अकरा दिवस कोणी आलं नाही. त्या अकरा दिवसांत तिनं बगळे टिपले, मुंगूस टिपलं. हात सरावला.

बाराव्या दिवशी नदीकडून पाच जण आले. उजाडलेलं होतं, पण रंग अजून धरले नव्हते. तोंडं बांधलेली. तिनं वनाला रिंग दिली आणि डोळा लावला. पहिलं खोड पडलं. आवाज जरा उशिरा आला. दुसरं पडलं. कोयता खोडात शिरला की घड आधी थरथरायचा, मग सगळं झाड एका अंगावर बसायचं, गुडघा फुटलेल्या माणसासारखं. तिनं श्वास सोडला आणि दाबलं. गमछा. पुन्हा गमछा. डावा खांदा पाडून चालणारा पुढं होता. त्यानं एका दमात बारा-पंधरा खोडं पाडली, थांबला, आणि गमछा हनुवटीखाली ओढून खिशातली गुटख्याची पुडी दातांनी फाडली.

समाधान. कपाळावरचा घाम, तोंडातली पुडी, हातातला कोयता, सगळं एका चौकटीत. तिनं सहा वेळा दाबलं.

चेहरा मिळाला होता. आता फक्त पालथं पडून वनाची वाट बघायची होती. तेवढ्यात बागेच्या डाव्या अंगानं उखर्डू बाहेर आला.

तो केव्हा घरून निघाला, कुठं दबून बसला होता, कोण जाणे. डाव्या हातात फावडं होतं. तोंडानं शिव्या. बारा झाडं पडताना त्यानं ऐकली होती, तेराव्याला त्याच्यानं राहवलं नाही. समाधाननं वळून कोयत्याच्या उलट्या बाजूनं त्याच्या मनगटावर मारलं आणि फावडं उडालं. मग बाकीच्यांनी त्याला घेरलं.

सुनंदाबाईचा डोळा काचेलाच होता. दोनशे पावलांवरचा नवरा तिला हातभर अंतरावर दिसत होता. काठी त्याच्या पाठीवर बसली तेव्हा सदऱ्यातून उडालेली धूळ दिसली. पुढची लाथ बरगडीत बसली तेव्हा त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं ते तिनं पुढं कधी कोणापासून लपवलं नाही. झाडं कापल्याचा गुन्हा म्हणजे पुन्हा तीन महिने. माणूस मारतानाचा फोटो म्हणजे वर्षं. बोटांचाही हिशेब यातच लागेल. तिनं श्वास सोडला आणि दाबलं. पुन्हा दाबलं. उखर्डू गुडघ्यांवर आला. दाबलं. पूर्वेला सूर्याची कड वर आली आणि रंग एकदम लख्ख झाले. दाबलं. समाधाननं कोयता सरळ धरला.

तेव्हा ती उठली.

शिडीच्या चार पायऱ्या सोडून तिनं उडी टाकली. गळ्यातल्या पट्ट्याला कॅमेरा, पुढं ती हातभर लेन्स. धावताना ती लेन्स तिच्याच बरगड्यांत आपटत होती. वना मागून ओरडत येत होता, पण त्याचा पाय त्याला किती पळू देणार? दोनशे पावलं तिनं कशी तोडली ते तिला नंतर आठवेना. पहिल्या माणसानं तिला अडवायला हात पसरले. ती त्याच्या बगलेखालून गेली. समाधान वळला. "काकू, तू कुठी..." एवढंच तो बोलला. तिनं पट्टा गळ्यातून काढून लेन्सचं कडं दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि धुण्यावर मोगरी घालावी तसा कॅमेरा त्याच्या तोंडावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज आला. तो बसला. तिनं पुन्हा घातला. कोणीतरी मागून तिच्या कमरेत लाथ मारली, ती पडली, समोरचे दोन दात ठिबकच्या व्हॉल्व्हवर आपटून गेले. तशीच उठली आणि तिसऱ्यांदा घातला. लेन्स मध्येच तुटली, काच वाफ्यात सांडली, अर्धी नळी तिच्या मुठीत राहिली. समाधान दोन्ही हातांनी डोळा दाबून लोळत होता, बोटांमधून काळसर रक्त येत होतं. ती त्या तुटक्या नळीनं मारत राहिली, खांद्यावर, हातांवर, डोक्यावर. वना आणि मजूर पोचले, बाकीचे चौघे नदीकडं पळाले, तरी ती मारत होती. वनानं मागून कवळा घातला.

"बस, काकू. बस. तो मरून जाईन."

"मरू दे!"

"मंग तुमी आत जासान. आन् काकाले कोन पाहीन?"

तेव्हा तिचे हात खाली आले. उखर्डू कुशीवर पडला होता. ती पोचायच्या आधीच उतरलेला कोयता त्याच्या मानेऐवजी खांद्यात शिरला होता, आणि तो श्वास घेत होता.

कॅमेऱ्याचा डबा चिखलात पडला होता. त्याला तडा गेला होता, पण आतलं कार्ड शाबूत निघालं. फौजदारांनी ते दोन पंचांसमोर पाकिटात घातलं. त्यांनी हितेंद्रला बोलावून सगळे फोटो छापून घेतले. दाणेदार, खरबडीत आले होते, पण चेहरा हलला नव्हता. समाधानचे चारही साथीदार आठवड्यात सापडले. या वेळी जामीन मिळाला नाही. समाधानचा डावा डोळा गेला, म्हणून सुनंदाबाईवरही गुन्हा दाखल झाला. फौजदार म्हणाले, "बाई, पहिला वार स्वसंरक्षणात बसेल. पुढचे सगळे बसतील का, ते कोर्ट ठरवील." ती म्हणाली, ठरवू द्या. खोटं बोलायला ती तयार नव्हती.

उखर्डू महिनाभर दवाखान्यात होता. घरी आल्यावर तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. औषध दे, खिडकी लाव. फोटोंच्या मागं वेळ छापलेली होती आणि पोलिसांनी जबाब घेताना त्याला ती वाचून दाखवली होती. पहिली काठी बसल्यापासून तिनं शेवटचं बटण दाबेपर्यंत चौदा सेकंद. त्या चौदा सेकंदांत नऊ फोटो. सुनंदाबाईला ते आकडे पाठ झाले होते. भाकरी थापताना ती चौदा मोजायची. चौदा म्हणजे किती मोठे असतात, हे तिला तव्यापुढं उभं राहून कळलं.

दोषारोपपत्राची नक्कल घरी आली त्या दुपारी उखर्डूनं स्वतःच फोटो मागितले. ती भिऊन म्हणाली, "काबरं पाहता?"

"दाखव."

तिनं नऊ फोटो बाजेवर ओळीनं मांडले. तो डाव्या हातानं एकेक उचलत गेला. स्वतःला पडताना पाहत गेला. सहाव्यापाशी थांबला. त्यात तो गुडघ्यांवर होता, वर काठी उगारलेली, आणि त्याचं तोंड सरळ समोर होतं. तो फोटो तिनं कितीदा पाहिला होता. तो काठीकडं बघतोय असंच तिला वाटत आलं होतं.

"अठी मी तुह्याकडं पाहू राह्यलो," तो म्हणाला.

"मी दिसली तुमाले?"

"तू नही दिसली. दिवस उगला आन् स्लॅबवर काच चमकली. मले समजलं तू तठीच हाये."

"मंग हाक काबरं नही मारली?"

"हाक मारली असती त त्यायनं बी वर पाह्यलं असतं."

त्यानं सातवा फोटो उचलला. त्यात त्याची मान खाली होती. आठव्यातही खाली होती. नवव्यातही. सुनंदाबाई बाजेच्या कडेला बसली. तोंडातल्या दातांच्या मोकळ्या जागेतून तिचा श्वास वाजत होता.

"मी आधी खाली यायाले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

उखर्डूनं नऊही फोटो एकावर एक रचून पाकिटात सारले. एका हातानं जमेना, तेव्हा तिनं पाकिटाचं तोंड धरलं.

"हो," तो म्हणाला. "यायाले पाह्यजे होतं."

तिनं मान हलवली. बाहेर वना नव्या रोपांचा ट्रॅक्टर मागं घेत होता आणि कोणीतरी त्याला ओरडून दिशा सांगत होतं. थोड्या वेळानं उखर्डूनं उशी सरकवून तिला बाजेवर नीट बसायला जागा केली, आणि ज्या हाताला तीनच बोटं होती तो तिच्या हातात दिला. खांद्याचं फडकं बदलायची वेळ झाली होती.